येसूचा पडलेला दात

फार पूर्वी एका उंच डोंगरावर छोटीशी वाडी होती, आणि त्या वाडीत राहायची एक घाबरट आई. तिला एकुलती एक लेक, येसू. येसूने जमिनीला पाय लावायच्या आत आई तिला कडेवर घ्यायची. काटा मोडेल, ठेच लागेल, विंचू चावेल, ऊन लागेल. एक भीती मनात बसली की तिच्या मागोमाग दुसरी यायचीच.

येसू जरा रडली की गुळाचा खडा. तरी रडली की तुपातला लाडू. भाजी-भाकरी बघून तिने तोंड वाकडं केलं की आई म्हणायची, "नको तर नको गं बाई, पण उपाशी राहू नको." गाल छान गुबगुबीत झाले होते, पण अंगणातून दारापर्यंत आली तरी येसूला धाप लागायची. मग आईला वाटायचं, पोर अशक्त झालीय, अजून एक लाडू द्यावा.

वाडीतून पलीकडच्या डोंगरावर जायला एकच वाट होती. मध्ये खोल दरी आणि दरीवर बांबू-वेलींचा जुना साकव. तो एका वेळी एकाच मोठ्या माणसाचं वजन पेलायचा. म्हणून वाडीचा रिवाज होता, की तान्हं मूल पाठीला बांधून न्यावं, पण ज्याचा पहिला दात पडला त्याने साकव आपल्या पायांनी ओलांडायचा.

एक दिवस लाडू खाता खाता येसूचा दात पडला. आईने लगेच दात उचलला, पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नको हं. हसताना तोंडावर हात धर."

पण लेकराचं हसू कुठे लपतं? थोरली जाऊ ताक घेऊन आली, तेव्हा मांजर आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरत होतं. येसू खुदकन हसली.

"अगं बाई, खिडकी उघडली की!" थोरली म्हणाली. "कधी पडला दात?"

"कुठं पडलाय... हलतोय नुसता," आई पुटपुटली.

"हलतोय? मग तिथनं जीभ कशी बाहेर डोकावतेय?" थोरली हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ धाकटे, माझ्यापासून लपवशील. साकवापासून कसं लपवशील? उद्या वणवा लागून पळायची वेळ आली तर?"

"पण जाऊबाई, पडली-बिडली म्हणजे?"

"अंगणात पडू दे ना आधी. अंगणाखाली काय दरी आहे?"

थोरली गेली, पण आईचं कशात लक्ष लागेना. तव्यावरची भाकरी करपली. सारखी ती दाराशी जाई, साकवाकडे बघे, परत येई. शेवटी तिने लाडवांचं मडकं उचललं आणि टेकाडावरच्या थोरलीच्या घरी नेऊन ठेवलं.

"जाऊबाई, येसू चालत आली तरच तिला एक लाडू द्या. मी कडेवर घेऊन आले, तर दोघींना हाकलून द्या."

पहिल्या दिवशी येसूने अर्ध्या चढावर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. आईचे हात पुढे झाले. तिने ते पाठीमागे नेऊन घट्ट गुंफले. रडून रडून येसू उठली, वर पोहोचली, लाडू खाल्ला. पण घरी येईपर्यंत एवढी भूक लागली की नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी गपागपा संपवली. आई बघतच राहिली.

एकदा पडली, गुडघा सोलवटला. पाणी आलं ते आईच्या डोळ्यांत. येसूने नुसती फुंकर घातली आणि चालू लागली. हळूहळू ती शेळ्यांमागे पळायला लागली, करवंदं तोडायला लागली, छोट्या तांब्याने पाणी आणायला लागली. आणि एक दिवस थोरलीकडे जाऊन, खेळून, लाडू मागायचा विसरूनच परत आली.

चैत्रात डोंगराला वणवा लागला. गवत धडाधडा पेटत वाडीकडे येऊ लागलं. पुरुष हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला धावले. बायका-मुलं साकवाकडे पळाली. एकेक करून सगळी पलीकडे गेली, थोरलीही गेली. उरल्या येसू आणि तिची आई.

आईने येसूला गच्च धरलं. पाठीवर घेऊन जाऊ का? पोहोचू की.

"आई, सोड ना. मी जाते."

आईने सोडलं आणि टेकाडावरच्यासारखेच हात मागे गुंफले.

येसू निघाली. मध्यावर वारा सुटला, साकव झुलला, धूर आला. येसू मटकन खाली बसली. आईचा पाय आपोआप पहिल्या बांबूवर पडला. बांबू करकरला. तिने झटकन पाय मागे घेतला. मग ती ओरडली, "येसू! टेकाड चढतेस ना, तशीच ये... तशीच जा बाळा!"

येसू खोकली. उठली. एकेक बांबू करत चालत गेली आणि थोरलीने तिला पोटाशी धरलं.

आता आईची पाळी. पण तिचे पाय काही हलेनात. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "आई, खाली बघू नको! माझ्याकडे बघ! मी आहे ना इथं!"

आई चालत आली. आल्या आल्या तिने पदराची गाठ सोडली आणि इवलासा दात थोरलीच्या हातावर ठेवला.

"जाऊबाई, येसूचा दात पडला बरं का."

"होय? मला वाटलं, हलतोय नुसता!" धुराने काळवंडलेल्या तोंडाने थोरली हसली.

पुरुषांनी वणवा वाडीबाहेरच विझवला. संध्याकाळी सगळी परत निघाली, तेव्हा साकवावर सगळ्यांत पुढे येसू होती.

तात्पर्य एवढंच: लेकराच्या ताटात भाजी-भाकरी असू द्या आणि पायाखाली रोजची वाट असू द्या. जिथे आपल्याला त्याच्यासोबत जाता येत नाही, तिथे तेच त्याच्यासोबत जातं.