प्रिंटरचा कडेलोट

तोरणखेडचा प्रिंटर राजाचा हुकूम मानेना!

मानाजीराजांनी मोबाइलवर बोट आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. वाड्याच्या देवडीतला प्रिंटर, राजा आणि रयत दोघांसाठी मिळून कालच आणून ठेवलेला, हिरवा दिवा लावून ढिम्म बसून होता. आणि काम काय साधंसुधं होतं? संध्याकाळी महाराजांचा वाढदिवस, आणि प्रजेने महाराजांना मानपत्र द्यायचं होतं. प्रजेच्या भरवशावर राहून कसं चालेल, म्हणून महाराजांनी ते स्वतःच लिहिलं होतं.

"प्रधानजी! उपाय सांगा!"

प्रधानजींना आयुष्यात एकच उपाय ठाऊक. "बंद करून चालू करावं, महाराज!"

प्रिंटर बंद केला, चालू केला. मोबाइल बंद केला, चालू केला. शेवटी प्रधानजींनी अख्खा दरबारच बंद करून चालू केला! सगळे मानकरी बाहेर गेले, परत आत आले, पुन्हा मुजरे झाले. राजपुरोहितांनी प्रिंटरला लिंबू-मिरची बांधली. सेनापतींनी त्याच्या कानात, म्हणजे कागद घालायच्या फटीत, ओरडून पाहिलं. महाराज बोट आपटतच होते.

"हा राजद्रोह आहे!" महाराज कडाडले. "या प्रिंटरचा कडेलोट करा! आणि त्याची राखण करणाऱ्या त्या भिवाचाही!"

भिवा बिचारा प्रिंटर डोक्यावर घेऊन दरबारात हजर झाला. कैद्याला उपाशी ठेवू नये म्हणून शिपायांनी प्रिंटरची पिन भिंतीत खोचली. भिवाच्या मागोमाग त्याची लेक ठकू धावत आली. पोरीचं तोंड म्हणजे लाह्यांची कढई, आणि बापावर जीव ओवाळून टाकणारी.

"म्हाराज, कडेलोटाचा कागद कुठंय?"

"कसला कागद?"

"छापील हुकमावर मोहोर, मगच अंमल! कायदा तुमचाच हाय न्हवं?"

कायदा खरंच महाराजांचा होता. चिटणीसांचं अक्षर चिटणीसांनाच लागत नसे, म्हणून हाताने लिहिलेला हुकूम राज्यात चालेनासा झाला होता. चिटणीसांनी मान खाली घातली.

"हात्तिच्या! आत्ता छापतो!" महाराजांनी तिथल्या तिथे मोबाइलवर हुकूम लिहिला आणि बोट आपटलं. प्रिंटर ढिम्म!

"बघ! मरणाचा हुकूमसुद्धा ऐकत नाही!"

"माझं ऐकतो की!" ठकूने कमरेचा मोबाइल काढला, एकदा बोट टेकवलं. खर्रर्र करून कागद बाहेर आला. त्यावर तिची शेळी, दोन्ही कान टवकारलेली!

महाराज लालबुंद झाले. "शेळी छापतो आणि राजा छापत नाही?"

"त्याचा काय दोष, म्हाराज? माझा मोबाइल 'रयत' वायफायवर, ह्यो प्रिंटरबी 'रयत'वर. तुमचा मोबाइल 'राजेखास'वर. तुम्ही दिवाणखान्यात हुकूम सोडायचा आन् त्यानं परसात बसून तो ऐकायचा, हे जमावं कसं? घटकाभर 'रयत'वर या, लगेच छापंल."

"आम्ही? रयतेच्या वायफायवर? एका पंगतीत? कदापि नाही!"

"मग त्याला घ्या तुमच्यात."

"राजेखासवर फक्त राजा! तिथे राणीसाहेबांनाही मज्जाव आहे!"

"ते बाकी खरं," पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या. त्या सुरात पुष्कळ काही होतं.

भिवाने डोळे मिटून घेतले. ठकूने मात्र पदर खोचला.

"ऱ्हायलं मग. पर म्हाराज, कडेलोटाआधी गुन्हेगार राजासमोर शेवटचा मुजरा करतो, ही आपल्याकडची रीत. ह्याला पाठीचा कणा न्हाई, वाकावं कसं? तुमच्या वायफायवर आला, की तोच त्याचा मुजरा!"

मुजरा म्हटलं की महाराज विरघळत. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "मुजऱ्यापुरतंच हं! लगेच बाहेर काढायचा!"

प्रधानजींनी शेला आडवा धरला. महाराजांनी प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर स्वतःच्या हाताने पासवर्ड घातला. घालताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेल्यामुळे तो सगळ्या दरबाराला पाठ झाला, ती गोष्ट वेगळी.

प्रिंटर क्षणभर घुटमळला. मग गुरगुरला. आणि काय सांगावं! महाराजांनी सकाळपासून जितक्या वेळा बोट आपटलं होतं, तितकी मानपत्रं भराभरा बाहेर पडू लागली! 'शूरवीर', 'दानशूर', 'मदनाचा पुतळा' असे कागद दरबारभर उडाले. एक सेनापतींच्या पागोट्यावर बसला, एक पुरोहितांच्या शेंडीत अडकला. मानकरी गुडघ्यांवर रांगत कागद गोळा करू लागले. सगळ्यात शेवटी एक कागद सावकाश बाहेर आला. कडेलोटाचा हुकूम!

"सापडला!" महाराजांनी तो झडप घालून उचलला. "मोहोर आणा!"

भिवाने प्रिंटरलाच मिठी मारली.

"मोहोर मारा की," ठकू म्हणाली, "पर आधी मोठ्यानं वाचा तरी!"

महाराज वाचू लागले, "'हा प्रिंटर आमचा एकही कागद छापत नाही, सबब त्याचा व राखणदार भिवाचा...'"

"आन् ह्यो कागद छापला कुणी?"

महाराजांनी कागदाकडे पाहिलं. प्रिंटरकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. आधी मिशी हलली, मग पोट हललं, आणि मग महाराज असे हसले, असे हसले की मुकुट घरंगळत थेट प्रिंटरवर जाऊन बसला!

"स्वतःच्या मरणाचा हुकूम इतका सुबक छापून देणारा इमानी चाकर आमच्याकडे दुसरा नाही! काय, प्रधानजी?"

प्रधानजी छताकडे पाहू लागले.

कडेलोटाचा कागद टराटरा फाटला. भिवाला जरीचा फेटा मिळाला, प्रिंटर 'राजेखास'वर कायमचा मानकरी झाला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं ठकूच्या हातात घातलं. "अजून काय हवं ते माग, पोरी!"

ठकूने मानपत्रांचा भलामोठा ढीग पाहिला.

"म्हाराज, ह्या समद्या कागदांची मागली बाजू कोरीच हाय. पासवर्ड तर मलाबी पाठ झालाय, तिथं रयतेची गाऱ्हाणी छापू का? मानपत्र तर तुम्ही वाचणारच!"

महाराज हसता हसता सिंहासनावरून खाली घसरले आणि जमिनीवरूनच ओरडले, "छाप! आत्ताच्या आत्ता छाप!"