कंदचोराची साक्ष

फार पूर्वी, जनावरांचं राज्य वहीवर चालत होतं त्या काळी, सिंहराजाला डोंगरमाथ्यावरच्या सड्याखालचा, म्हणजे उघड्या कातळपठाराखालचा, तांबडा दगड हवासा वाटला. जमीन उजाड असेल तरच खाण खणायची, असा कायदा होता. म्हणून भर चैत्रात राजाचा कारकून बगळा झाडझाडोरा मोजायला आला. सडा तव्यासारखा तापलेला. चार पावलं टाकून त्याने लिहायला घेतलं, "उजाड."

सड्यावरच्या बिळातून साळिंदर हे बघत होता. मातीखाली काय निजलंय ते त्यालाच ठाऊक होतं. पण सांगावं, तर राजाच्या रानातले कंद खाण्याची आपली चोरी उघडी पडणार!

"थांबा, बगळेराव!" तो ओरडलाच. "मी कंदचोर आहे, पण उजाड लिहू नका!"

आणि तो उकरत सुटला. "हे बघा शेवळ! ही रानहळद! या भेगेत सापकांदा!" माती उडत होती, काटे खुळखुळत होते, बगळ्याची पानंच्या पानं भरत होती. दाखवलेला प्रत्येक कंद साळिंदर लाळ गिळत पुन्हा पुरत होता.

शेवटच्या चिमुकल्या कंदापाशी बगळ्याने विचारलं, "याला फूल कसलं येतं?"

 साळिंदर हळूच म्हणाला, "कधी पाहिलंच नाही. दरवर्षी त्याआधीच खातो ना मी."

"फुलाचा रकाना रिकामा ठेवून निकाल देता येत नाही," बगळा म्हणाला. "पावसात पुन्हा येईन. तोवर इथे कुदळ लागणार नाही."

साळिंदराने कंदावर हलकेच माती लोटली आणि उपाशीपोटीच तो राखणीला बसला. आता त्यालाही ते फूल बघायचं होतं.