पायलीभर गव्हाचा चीक

एका गावात एक नवी सून नांदायला आली. तिचं नाव मंजुळा. तिला पाहायला आले तेव्हा सासू द्वारकाबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "कुरडया येतात का गं?"

"येतात की," मंजुळा म्हणाली होती. खरं तर माहेरी ती नुसता सोऱ्या फिरवायची. चीक शिजवायची तिची काकू.

चैत्रात नणंदेचं लग्न निघालं. रुखवतात कुरडया हव्यातच. पायलीभर गहू तीन दिवस भिजवला, वाटला, गाळला. रात्रभर चीक खाली बसला. आता तो आजच शिजायला हवा होता. उद्यावर टाकला तर आंबणार, आज बिघडला तर लग्नाआधी दुसरा होणार नाही.

अंगणातल्या चुलीवर पातेलं चढलं. "आमची मंजुळाच शिजवणार," असं शेजारच्या अनसूयाबाईंना ऐकवून द्वारकाबाईंनी हाटायला लाटणं तिच्या हाती दिलं.

मंजुळेने आडून विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती घेतात?"

"आपलं नेहमीचंच," अनसूयाबाई म्हणाल्या.

"अंदाजानं," द्वारकाबाई म्हणाल्या.

ही उत्तरं मंजुळेच्या ओळखीची होती. ती स्वतः अशीच द्यायची. अंदाजानंच ओतलेल्या पाण्याला उकळी फुटली. तिने लाटणं खाली ठेवलं आणि ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, मला चीक शिजवता येत नाही."

द्वारकाबाई म्हणाल्या, "मग तेव्हा हो कशी म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. "मला येत नाही म्हणून तर विचारलं होतं, बाई. थोरल्या जाऊबाई शिजवायच्या. त्या गेल्या आणि या घरातल्या कुरडया संपल्या."

समोरच्या ओट्यावर गंगूआत्या तांदूळ निवडत बसली होती. मंजुळेने जाऊन तिला चीक शिजवता येतो का ते विचारलं आणि बोलावून आणलं.

"जेवढा चीक तेवढंच पाणी," गंगूआत्या म्हणाली. "धार बारीक सोड आणि हात थांबवू नकोस. दहा वर्षं मी समोर बसलेय. तुम्हा सगळ्यांना येतं म्हटल्यावर मी कशाला मधे बोलू?"

उन्हं चढायच्या आत खाटेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया पडल्या. चीक शिजताना सगळ्यांत पुढे सरकून बघत होत्या, त्या अनसूयाबाई.

तात्पर्य: येत नसताना 'येतं' म्हटलं, की शिकवणारा समोर बसूनही गप्प राहतो. 'येत नाही' म्हणायला लाज घटकाभर वाटते, पण शिकायला सुरुवात तिथूनच होते.