लांब बाह्यांचं पोलकं

हे मी सांगायचं नव्हतं. मावशीनं मला सांगितलं तेव्हाच तसं बजावलं होतं. म्हणून नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

"मग ताईला सांगू की नको, बाई?"

ताई म्हणजे माझी आई. मावशीनं हे विचारलं तेव्हा गिजरे बाई मेथी निवडत होत्या. एकट्या उजव्या हातानं. डावा हात शेजारच्या उशीवर ठेवलेला होता.

"काय सांगणार?"

"तिला कोणत्या प्रकारच्या गाठीचा धोका आहे ते."

बाईंनी एक पिवळं पान बाजूला काढलं.

नीरजामावशी डॉक्टर आहे. स्तनाच्या कर्करोगावर काम करते. काचपट्टीवरची गाठ ओळखायला तिला मिरजेत गिजरे बाईंनीच शिकवलं. दोघी एकाच मायक्रोस्कोपला दोन बाजूंनी डोळे लावून बसायच्या. मावशी नेहमी बाईंच्या डाव्या हाताला.

"धोका आहे एवढं तर कुणीही सांगतं, बाई." मावशीला अभिमान लपवता येत नव्हता. "मी प्रकार सांगते. एक गाठ सावकाश वाढते, गोळ्यांना दाद देते. दुसरी झपाट्यानं वाढते, त्या गोळ्यांना जुमानत नाही. कुणाला कोणती व्हायची शक्यता जास्त, ते आता कॉम्प्युटर आधीच सांगतो."

"गाठ यायच्या आधी..."

"हो. थोडं रक्त लागतं. आणि घरात कुणाला होती, ते."

"आणि ताईला कोणती?"

मावशीनं मेथीची एक काडी उचलली. मग म्हणाली, "दुसरी."

माझी आजी, म्हणजे या दोघी बहिणींची आई, त्याच गाठीनं गेली.

"होईलच?"

"होईलच असं नाही. पण इतर बायकांपेक्षा शक्यता बरीच जास्त."

"ताई काय म्हणाली?"

"तिला माहीतच नाही."

"मग रक्त?"

"...शुगर बघते म्हणून घेतलं."

बाईंचा हात मेथीत थांबला.

"शुगर किती निघाली?"

"बाई!"

"अगं, ती वाट बघत असेल. गोड सोडलं असेल बिचारीनं."

आईनं खरंच चहातली साखर सोडली होती. मावशीला ते ठाऊक होतं.

"ये अशी. माझीही शुगर बघ."

"सुई नाही आणली मी."

"नुसती शीर तर शोध. येतं ना अजून, की तेही कॉम्प्युटरच करतो?"

मावशी नेहमीच्या बाजूला बसली. उशीवरचा हात तिनं उचलला आणि बाही वर सारू लागली.

बाई बारा महिने लांब बाह्यांचं पोलकं घालायच्या. भर मे महिन्यातसुद्धा. कॉलेजातल्या मुली मागून म्हणायच्या, बाईंच्या घरी हिवाळा मुक्कामाला असतो. मावशीही हसायची.

बाही कोपराच्या वर जाईना. हात सुजून घट्ट, जड झाला होता. बोट दाबलं तिथे खड्डा पडला, आणि तसाच राहिला.

"हा नको," बाई म्हणाल्या. "या हाताला सुई लावत नाहीत."

मावशीला आणखी काही सांगावं लागलं नाही. स्तन काढताना काखेतल्या गाठीही काढल्या, की त्या बाजूचा हात असा सुजू शकतो, आणि त्याला सुई लावायची नसते. हे ती स्वतः पेशंटना रोज बजावते.

"बाई... कधी?"

"तू शेजारी बसायचीस, तेव्हाच."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. स्कूटर सुरू होत नव्हती.

"कोणत्या प्रकारची होती?"

प्रश्न मावशीच्या तोंडून निघूनच गेला होता.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. हात हळूच सोडवून घेतला, बाही खाली ओढली, मनगटाशी बटण लावलं. एका हातानं लावायचं, म्हणून वेळ लागला. मावशी मदतीला पुढे झाली नाही. तिला रडू फुटलं होतं.

"चुकलं, बाई."

बाईंनी मेथीची जुडी जवळ ओढली.

"ताईकडे जा. रक्त कशासाठी घेतलंस ते सांग."

"आणि धोका?"

"तोही सांग. तपासायला तिच्याबरोबर जात जा. पण सगळ्याच्या आधी तिला विचार."

"काय विचारू?"

बाईंनी जुडीची दोरी सोडली.

"बाई, काय विचारू?"

"जे मला विचारायचं राहिलं, ते."

काल मावशी आमच्याकडे आली. आई ओट्याशी उभी राहून स्वतःचा बिनसाखरेचा चहा गाळत होती. मावशीनं तिच्या हातातली गाळणी काढून घेतली, बाजूला ठेवली, आणि म्हणाली, "ताई, तुला कसं वाटतंय?"

आई हाक मारतेय. आले गं आई, आले...