गुरवाचे हात

हा समोरचा डोंगर बघा. वैशाखात आजूबाजूच्या सगळ्या टेकड्या पिवळ्या पडल्यात आणि हा एकटाच काळाभोर हिरवा. ही आमच्या नेरखोलची वाघजाईची राई. तिच्या पायथ्याशी जो झरा वाहतोय, त्यावर गावाची तहान भागते आणि खालची उन्हाळी भाताची वायंगणी शेतीही पिकते. मी भागोजी गुरव, देवीची पूजा माझ्याकडे असते. पाहुणे विचारतात, एवढी राई राखलीत कशी? मग जे झालं म्हणून सांगतात, ते मी सांगतो. आमच्या घराण्याला ते फारसं भूषणाचं नाही.

किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. एका वर्षी फाल्गुनातच झऱ्याची धार करंगळीएवढी झाली म्हणे. चैत्रात बायका पाऊण प्रहर बसायच्या तेव्हा एक हंडा भरायचा. राईत गुरवाखेरीज कुणी शिरत नसे, पण पाणीच जायला लागलं तेव्हा गावचे खोत विसाजीराव चार माणसं घेऊन आत गेले. देवीच्या मागच्या उताराला पाचोळ्याचे ढीग दिसले. एक सारला तर खाली झाडाचं थोटूक, अजून ओलं. अशी सात निघाली. ऐन, किंजळ, दोघांच्या कवेत न मावणारी झाडं. तोडणाऱ्याने थोटकं झाकून ठेवली होती, म्हणजे त्याला लाज होती आणि सवडही होती.

त्या दिवसापासून गाव बिघडलं. कुणाच्या चुलीतून जास्त धूर निघाला की शेजारीण दारात येऊन उभी राहायची. मोळी घेऊन येणाऱ्याला वाटेत थांबवून लोक ढलप्या हुंगून बघायचे. ज्याने गोठ्याला नवी मेढ लावली, त्याच्याशी भावकीने बोलणं सोडलं. सख्खे भाऊ एकमेकांच्या कुऱ्हाडीची धार चाचपून बघत, असं सांगतात.

शेवटी संशय एका ठिकाणी येऊन थांबला. गावाबाहेर राही नावाची कातकरीण राहायची. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. मध काढायची, कंद विकायची, पलीकडच्या माळावर कोळसा पाडायची. तेव्हाचा गुरव होता लखोजी. तोच चावडीवर म्हणाला, "कोळसा पाडणाऱ्यांना लाकूड कुठलं, हे कधी कुणी विचारलंय का?" एवढंच बोलला. बाकीचं लोकांनी आपल्या मनाने पुरं केलं. राहीने झोपडी मोडून गाव सोडावं असं ठरलं.

राही चावडीसमोर आली. तिने पदर खोचला होता आणि आवाज चढवला नव्हता.

"जाते मी," ती म्हणाली. "पण आठ दिवस द्या. राईच्या वाटेवर बसते. जो बाहेर येईल त्याचे हात बघते. माझ्यावर तुम्ही माणसं बसवा, माझे हात तुम्ही बघा."

"गुरव रोज आत जातो," खोत म्हणाले. "त्याला अडवायचं नाही."

"मग मी बसून काय उपयोग? बघायचे तर सगळ्यांचे."

खोतांनी हो म्हटलं नाही. पण नाही म्हणाले नाहीत.

सात दिवस राही उन्हात बसली. तिच्यावर दोन माणसं नजर ठेवून होती आणि ती माणसं एकमेकांवरही. लखोजी रोज पूजेची परडी घेऊन आत जायचा आणि खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांवर ओढून बाहेर यायचा. राही म्हणायची, "गुरवबुवा, हात." तो म्हणायचा, "सोवळ्यात आहे," आणि पुढे जायचा. सातही दिवस हेच. आठव्या दिवशी राहीला हाकलायचं म्हणून सगळं गाव तिथे जमलं होतं. लखोजी बाहेर आला, तेव्हा राही वाटेत आडवी उभी राहिली. तिने त्याला शिवलं नाही. खोतांकडे वळून म्हणाली, "तुम्ही बघा."

खोतांनी उपरणं बाजूला केलं. मनगटापासून कोपरापर्यंत काळे चट्टे होते, मध्ये फोड.

"बिब्बा उतलाय," राही म्हणाली.

"गुडघा दुखत होता, म्हणून लावला," लखोजी म्हणाला.

"बरं. गुडघा दाखवा."

लखोजीने धोतराला हात घातला नाही. राही म्हणाली, "मागच्या उताराला बिब्ब्याचं झाड आहे, माळावरून त्याचा शेंडा दिसायचा. मी इथे बसायच्या आधीच मोठं झाड त्याच्यावर पडलं असणार. फळं फुटली की तेल अंगावर उडतं. मला माहीत आहे, मी बिब्बे गोळा करते. पण राईतले नाही."

माणसं धावत गेली. उताराला आठवं झाड आडवं पडलं होतं.

मग लखोजी बोलला. झाडं पाडायला तो हात लावायचा आणि खाडीवरचे होड्या बांधणारे मागच्या बाजूने येऊन लाकूड नेत होते. त्याच्या बदल्यात देवीला चांदीचा मुखवटा आला होता. आदल्या वर्षी तो वाजतगाजत बसवला, तेव्हा लखोजीने सांगितलं होतं की परगावच्या एका भक्ताचा नवस आहे. कोणता भक्त, कुठलं गाव, हे तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं. मुखवटा सगळ्यांना आवडला होता.

"देवीसाठीच केलं," लखोजी म्हणाला.

राही म्हणाली, "आठ दिवस तिच्या दारात बसले. माझ्यापाशी तिने चांदी मागितली नाही. पाणी मात्र माझ्या पोरींना रोज लागतं."

खोतांनी मुखवटा उतरवून देवळाबाहेर आणला आणि राहीची सगळ्या गावादेखत क्षमा मागितली. लखोजीला गावाबाहेर काढावं असं काहीजण म्हणाले. राहीच म्हणाली, "त्याला ठेवा. झाडं कुठे होती ते त्यालाच ठाऊक आहे."

लखोजीने प्रत्येक थोटकाशेजारी रोप लावलं आणि उन्हाळाभर लांबच्या नदीवरून कावडीने पाणी आणून घातलं. त्याच्या हातावरचे चट्टे गेले नाहीत म्हणे. झरा पुन्हा भरायला कुणी बारा पावसाळे सांगतात, कुणी वीस. लखोजीने तो भरलेला पाहिला की नाही, हे आमच्या घरात कुणी सांगत नाही.

आजही पूजा करून मी बाहेर येतो, तेव्हा राहीच्या घराण्यातली बाई वाटेवर उभी असते. सध्या सुंदरीबाई वाघमारे आहेत. पस्तीस वर्षं झाली, सुखदुःखात आम्ही एकमेकांच्या घरी जातो, माझ्या लेकीच्या लग्नात त्या चार दिवस राबल्या. पण अजून एकदाही त्यांनी माझे हात उलटेसुलटे बघितल्याशिवाय मला सोडलेलं नाही. मलाही ते बरं वाटतं. त्या बघा, येतायत. तुमचेही बघतील, राग मानू नका.