ठकूमायचा हात

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या धामणवेढ्यात घराघरांत धूर कोंडायचा. बायका डोळे पुसत भाकऱ्या थापायच्या आणि हे असंच चालायचं, असं सगळे धरून चालले होते. ठकू कुंभारणीला मात्र ते पटेना. तिने मातीचे नळे भाजले, एकात एक बसवले आणि चुलीमागून थेट छपराबाहेर काढले. नळा छपराच्या गवतातून जाई तिथे ती भोवती वीतभर दगडमातीचं कडं घाली, म्हणजे गवताला धग लागत नसे. पहिला नळा तिने आपल्या लेकीच्या, सारजाच्या घरी बसवला आणि मग गावात घरोघरी.

सारजा बाळंत झाली ती ऐन थंडीत. नळ्यातून गार वारा बाळावर यायचा, म्हणून तिने त्यात गोणपाट कोंबलं. बाळाच्या काळजीनेच कोंबलं बिचारीने. सकाळी दार लावून चूल पेटवली आणि गोणपाट विसरली.

ठकू वरच्या आळीत माती तुडवत होती. तिला सगळ्या छपरांवर धूर दिसला, लेकीच्या छपरावर दिसेना. तशीच चिखलाच्या पायांनी ती धावली. असं म्हणतात, की त्या उतारावर तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत.

घरात डोळ्याला काही दिसत नव्हतं. रडण्यावरून बाळ सापडलं, लेक सापडेना. ठकूने बाळाला एका हाताने छातीशी धरलं, दुसरा हात जाळावरून नळ्यात कोपरापर्यंत घातला आणि गोणपाट ओढून काढलं. धूर निघून गेला. सारजा चुलीपाशीच पडली होती.

शुद्धीवर आल्यावर आईचा भाजलेला हात बघून ती रडायला लागली. ठकू म्हणाली, "तुजी चूक नाय, पोरी. नळा म्या बसवला, पर पेटवायच्या आदी हात घालून बघ, ह्ये सांगायचं ऱ्हायलं."

त्यानंतर घरच्या बाईने नळ्यात हात घालून बघितल्याशिवाय ठकूने कुठलीच चूल पेटवू दिली नाही. असं म्हणतात, की गावात कुठेही धूर कोंडला की तिचा तो हात ठणकायचा आणि ती न बोलावता दारात उभी राहायची. ती गेली त्या दिवशी साऱ्या गावाचा धूर आधी तिच्या दाराकडे वाकला आणि मग वर गेला, असंही म्हणतात.

आता धामणवेढ्यात स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीच्या पाण्याची चूल कुणी मोडलेली नाही. नवी सून घरात आली की आधी त्या नळ्यात कोपरापर्यंत हात घालते. सासू विचारते, "वाट मोकळी हाय का?" सून म्हणते, "मोकळी हाय, ठकूमाय."

मग सासू तिचा काळा झालेला हात आपल्या पदराने पुसते.