नापास व्हायचं तरी कसं?

कुंदा वळवी नर्सिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. परवान्याची परीक्षा तोंडावर आली आणि संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांना शंभर टक्के निकालाचं वेड लागलं. त्यांनी पुण्याहून डॉक्टर चिंचणकर नावाचे भाकीततज्ज्ञ बोलावले. चिंचणकरांनी सगळ्या मुलींचे जुने मार्क कॉम्प्युटरमध्ये घातले आणि भर सभागृहात जाहीर केलं, "कुंदा वळवी नापास होणार!"

"मग तिला परीक्षेला बसवूच नका," अण्णासाहेबांनी हुकूम सोडला.

परवाना नाही म्हणजे नोकरी नाही, आणि घरी सगळे कुंदाच्या नोकरीकडे डोळे लावून बसलेले. ती धीर करून उभी राहिली.

"सर, तुमचं भाकीत कधी चुकलंय?"

"छे! एकदाही नाही," चिंचणकर टाय सरळ करत म्हणाले.

"मग आता चुकेल. मी परीक्षेला बसलेच नाही, तर नापास कशी होणार?"

सभागृहात खसखस पिकली. अण्णासाहेब गुरगुरले, "म्हणजे?"

"अण्णासाहेब, सर चुकत असतील तर त्यांचं ऐकायचं कशाला? आणि त्यांना खरं ठरवायचं असेल, तर मला बसवावंच लागेल."

चिंचणकर घाईघाईने अण्णासाहेबांच्या कानाशी लागले, "बसवा हो हिला! माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

कुंदा परीक्षेला बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. अण्णासाहेबांनी गावभर पेढे वाटले. त्यातला एक पुडा कुंदाने आठवणीने पुण्याला धाडला.